व्हिडिओ गेमचे स्पॉइलर आणि ऑनलाइन व्हिडिओ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहेत. एखादा कथाप्रधान गेम स्वतः खेळण्याआधीच त्याचा शेवट यूट्यूबवर किंवा ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर कळेल, अशी धास्ती असणारे वाचक हा पहिला प्रकार. अशा गेमचे व्हिडिओ आणि स्ट्रीम करणारे हा दुसरा. उदाहरणादाखल अनेक गेमची नावे आली असली, तरी त्यांपैकी एकाचेही कथानक येथे उघड केलेले नाही.

गेमच्या बाबतीत स्पॉइलर नेमके कशाला म्हणावे?

चित्रपटाच्या किंवा कादंबरीच्या बाबतीत स्पॉइलर म्हणजे बहुधा कथानकातील कलाटणी किंवा शेवट असतो. गेममध्ये मात्र खेळणाऱ्याने स्वतः शोधून काढायच्या गोष्टी त्याहून कितीतरी अधिक असतात : कोड्याचे उत्तर, भिंतीआड लपलेली वाट, एखादा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी भेटणारा बलाढ्य शत्रू, हरला असे वाटत असतानाच लढतीचा दुसरा टप्पा सुरू होतो ही माहिती, उत्तरार्धात खुला होणारा प्रदेश, किंवा अमुक पात्र पुढे आपल्या बाजूने लढणार आहे हे नुसते एका चित्रातून दिसणे. यांपैकी काहीही आधी कळले, तर शोधाचा तो क्षण खेळणाऱ्याच्या हातून जातो, आणि तो पुन्हा मिळत नाही.

काही गेम तर संपूर्णपणे ज्ञानावर उभे असतात. २०१९ साली आलेल्या ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये खेळणाऱ्याला नवी शस्त्रे किंवा वाढीव शक्ती मिळत नाहीत, सुरुवातीला त्याच्याकडे जे यान आणि जी साधने असतात, जवळपास तीच शेवटपर्यंत असतात, आणि प्रगती होते ती केवळ त्याला उलगडत गेलेल्या माहितीमुळे. २०१८ सालच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’मध्ये एका जहाजावरील ६० माणसांचे काय झाले, हे तर्काने ठरवायचे असते. अशा गेमचा संपूर्ण व्हिडिओ पाहिलेल्या माणसासाठी तो गेम खेळण्याजोगा फारसा उरतच नाही. उलट ‘बाल्डर्स गेट ३’सारख्या, निर्णयागणिक फाटे फुटणाऱ्या गेममध्ये एकाने पाहिलेला शेवट दुसऱ्याच्या वाट्याला येईलच असे नसते; तेथे एखादे वाक्य कानावर पडल्याने होणारे नुकसान तुलनेने मर्यादित असते.

मी त्या गेमबद्दल काहीही शोधले नाही, तरी त्याचे व्हिडिओ माझ्यासमोर का येतात?

कारण शिफारस करणारी यंत्रणा तुम्ही काय शोधले एवढेच पाहत नाही. तुम्ही आधी कोणते व्हिडिओ पाहिले, किती वेळ पाहिले, कोणती चॅनेल सबस्क्राइब केली आहेत आणि तुमच्यासारखीच आवड असलेले इतर प्रेक्षक सध्या काय पाहत आहेत, या साऱ्यांवरून ती अंदाज बांधते. तुम्ही एका गेमचा ट्रेलर आवडीने पाहिला, तर त्या गेमविषयी तुम्हाला उत्सुकता आहे एवढेच यंत्रणेला कळते. तुम्ही तो अजून खेळलेला नाही आणि शेवट कळू नये अशी तुमची इच्छा आहे, हे तिला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. म्हणून जो सर्वांत उत्सुक, त्याच्यासमोरच गेम प्रदर्शित झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शेवटाचा अर्थ’ सांगणारे व्हिडिओ सर्वांत आधी येतात. त्यात कोणाचा दुष्ट हेतू असतोच असे नाही, परंतु परिणाम तोच होतो.

यूट्यूबवर प्रेक्षक म्हणून कोणती काळजी घेता येईल?

पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे गेम येण्याच्या सुमारे आठवडाभर आधी आपला पाहण्याचा इतिहास तपासणे. त्या गेमचे ट्रेलर, पूर्वपरीक्षणे आणि आधीच्या भागाचे व्हिडिओ इतिहासातून एकेक करून काढून टाकले, तर शिफारशींचा रोख लक्षणीयरीत्या बदलतो. त्यानंतर तो गेम संपेपर्यंत पाहण्याचा आणि शोधाचा इतिहास तात्पुरता थांबवून ठेवता येतो. एखादा संबंधित व्हिडिओ पाहायचाच असेल, तर तो मोबाइल अ‍ॅपमधील इन्कॉग्निटो मोडमध्ये पाहावा, म्हणजे त्याची नोंद मुख्य खात्यावर होत नाही.

दुसरा उपाय म्हणजे मुखपृष्ठावर आलेल्या नको त्या व्हिडिओशेजारील तीन ठिपके दाबून ‘स्वारस्य नाही’ हा पर्याय निवडणे; आणि एखादे चॅनेल वारंवार शीर्षकातच सर्व काही सांगून टाकत असेल, तर त्या चॅनेलची शिफारसच करू नये असे यूट्यूबला कळवणे. यांपैकी दुसरा पर्याय अधिक ठाम आहे, आणि तो वापरण्यात संकोच बाळगू नये, असे माझे मत आहे. जे चॅनेल एका गेमच्या बाबतीत असे वागते, ते पुढच्या गेमच्या बाबतीतही तसेच वागते.

तिसरी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. यूट्यूबच्या यादीत बोट किंवा माउसचा बाण एखाद्या व्हिडिओवर थांबला, की तो आपोआप आवाजाविना चालू होतो, आणि अनेकदा सुरुवातीच्या त्या काही सेकंदांतच सर्वांत नाट्यमय प्रसंग पेरलेला असतो. फीडमधील हे आपोआप चालणे सेटिंग्जमधून बंद करता येते. एक व्हिडिओ संपल्यावर दुसरा आपसूक सुरू करणारा ऑटोप्लेदेखील या काळात बंदच ठेवावा. घरातील टीव्हीवर तेच खाते चालू असेल, तर तेथील सेटिंग्ज वेगळी तपासावी लागतात, हे लक्षात असू द्यावे.

संगणकावर पाहणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. ‘अनहूक’सारखे ब्राउझर एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) शिफारशींचा संपूर्ण स्तंभ आणि कॉमेंट लपवते, तर ‘ब्लॉकट्यूब’मध्ये ठरावीक शब्द दिले, की ते शब्द शीर्षकात असलेले व्हिडिओ दिसेनासे होतात. मात्र कोणतेही एक्स्टेन्शन बसवताना ते कोणकोणत्या परवानग्या मागते, हे आधी वाचून घ्यावे.

यूट्यूबचा ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ या कामी उपयोगी पडत नाही. तो प्रौढांसाठीचा आशय गाळण्यासाठी आहे. गेमचा शेवट त्याच्या दृष्टीने आक्षेपार्ह नसतो.

शॉर्ट्सपासून बचाव कसा करावा?

येथे बचाव सर्वांत अवघड आहे, कारण शॉर्ट्समध्ये, म्हणजे यूट्यूबच्या छोट्या उभ्या व्हिडिओंमध्ये, थंबनेल (व्हिडिओचे छोटे मुखचित्र) पाहून व्हिडिओ निवडण्याची पायरीच नसते. बोट वर सरकवले, की पुढचा व्हिडिओ चालू झालेला असतो. नुकताच प्रदर्शित झालेला एखादा गेम तुम्हाला खेळायचा असेल, तर तो संपेपर्यंत शॉर्ट्स आणि रील्स उघडूच नयेत. याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

व्हिडिओ निर्धोक असला, तरी खालच्या कॉमेंट वाचाव्यात का?

नाही. निव्वळ खोडसाळपणापोटी असंबद्ध व्हिडिओखाली जाऊन शेवट लिहून ठेवणारे लोक प्रत्येक मोठ्या गेमच्या वेळी दिसतात. त्यातच यूट्यूबच्या कॉमेंटमध्ये मजकूर झाकून ठेवण्याची सोय नाही. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर दोन-दोन उभ्या रेघांमध्ये लिहिलेला मजकूर वाचकाने दाबल्याशिवाय उघडत नाही. यूट्यूबवर मात्र अक्षरे ठळक, तिरकी किंवा खोडलेली करता येतात, झाकता येत नाहीत. कथानकावर मनापासून चर्चा करू इच्छिणाऱ्यांनी कॉमेंटच्या सुरुवातीला इशारा द्यावा आणि त्यानंतर काही ओळी रिकाम्या सोडाव्यात. लांब कॉमेंटचा पुढचा भाग आपोआप दुमडला जातो आणि तो उघडायचा की नाही, हे वाचकाच्या हाती राहते.

व्हिडिओ करणाऱ्याने किती दिवस थांबावे? ‘दोन आठवडे पुरेत’ हे खरे आहे का?

असा कोणताही सर्वमान्य नियम नाही. कोणी दोन आठवडे म्हणतात, कोणी महिना म्हणतात. या प्रश्नाकडे मुळातच चुकीच्या बाजूने पाहिले जाते, असे मला वाटते. पहिल्याच दिवशी गेम विकत घेऊन सुट्टीच्या दिवसांत तो संपवणाऱ्यांच्या हिशेबाने ही मुदत ठरलेली आहे. आपल्याकडे प्लेस्टेशन ५ वरील मोठ्या गेमची किंमत प्रदर्शनाच्या वेळी हजारो रुपये असते. तो गेम अर्ध्या किमतीत मिळेपर्यंत वर्षभर वाट पाहणारे, मित्राकडून डिस्क आणून खेळणारे, किंवा नोकरी आणि घर सांभाळून आठवड्यातून जेमतेम दोन-तीन तास खेळणारे लोक इथे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी दोन आठवड्यांची मुदत असणे आणि नसणे सारखेच.

म्हणून मुदतीऐवजी जागेचा विचार करावा. व्हिडिओच्या आत जे दाखवले किंवा बोलले जाते, ते प्रेक्षक स्वतःच्या इच्छेने पाहतो; स्पष्ट इशारा दिलेला असेल, तर पहिल्या दिवशीदेखील शेवटाची चिकित्सा करण्यास हरकत असू नये. शीर्षक आणि थंबनेल मात्र कोणी निवडून पाहत नाही. ती नजरेवर लादली जातात. तेथे स्पॉइलरला दोन आठवड्यांनीही जागा नाही आणि दोन वर्षांनीही नाही. रहस्यप्रधान नाटक पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक पुढच्या प्रयोगासाठी रांगेत उभ्या असलेल्यांना खुनी कोण ते ओरडून सांगत नाही; नाटकाचा शंभरावा प्रयोग असला तरी सांगत नाही. गेमच्या बाबतीतही प्रत्येक दिवशी कोणीतरी तो पहिल्यांदाच सुरू करत असतो.

शीर्षक, थंबनेल आणि चॅप्टर तयार करताना नेमके काय पाळावे?

शीर्षकात गेमचे नाव, भागाचा क्रमांक आणि व्हिडिओचा प्रकार एवढे असले, की प्रेक्षकाला निर्णय घेता येतो. ‘अमुकचा मृत्यू’, ‘खरा खलनायक कोण’ किंवा पात्राच्या नावापुढे तुटलेल्या हृदयाचे चिन्ह हे सारे टाळावे. कथानकाची चर्चा असेल, तर ‘स्पॉइलर’ हा शब्द शीर्षकाच्या शेवटी न ठेवता अगदी आरंभी ठेवावा, कारण मोबाइलवर लांब शीर्षकाचा शेवट कापला जातो आणि इशारा दिसतच नाही.

थंबनेलसाठी कंपनीने ट्रेलरमधून किंवा मुखपृष्ठावरून आधीच जाहीर केलेली दृश्ये वापरावीत. उत्तरार्धातील बॉसचे चित्र धूसर करून त्यावर प्रश्नचिन्ह टाकण्याची पद्धत रूढ झाली आहे, परंतु ज्याने मालिकेचे आधीचे भाग खेळले आहेत, तो धूसर आकृतीवरूनही पात्र ओळखतो. चेहऱ्यावरचा धक्का दाखवणारे स्वतःचे छायाचित्र चालेल. त्यामागचा प्रसंग दिसता कामा नये.

चॅप्टर हा दुर्लक्षित राहणारा भाग आहे. यूट्यूबवर वर्णनात शून्य मिनिट शून्य सेकंदापासून वेळा लिहून किमान तीन विभाग पाडले, की ते व्हिडिओच्या पट्टीवर नावांसह दिसू लागतात. या नावांत बॉसची किंवा प्रसंगांची नावे असली, तर पहिले मिनिट पाहणाऱ्यालाही पुढचे सगळे वाचायला मिळते. स्थळाचे नाव किंवा नुसता क्रमांक पुरेसा असतो. यूट्यूब स्वतःहूनही चॅप्टर पाडू शकते. व्हिडिओ चढवताना तो पर्याय बंद करून आपली नावे आपणच द्यावीत.

याशिवाय व्हिडिओच्या आरंभी पुढचा उत्कट प्रसंग झलक म्हणून लावण्याचा मोह आवरावा. वर सांगितल्याप्रमाणे तोच तुकडा यादीमध्ये आपोआप चालतो, आणि ज्याने व्हिडिओ उघडलाही नाही, त्याला तो दिसतो.

लाइव्ह स्ट्रीमच्या वेळी चॅटमधले प्रेक्षक पुढचे सांगतात. ते कसे थांबवावे?

प्रथम स्ट्रीमच्या शीर्षकातच स्पष्ट लिहावे की तुम्ही हा गेम पहिल्यांदा खेळत आहात आणि विचारल्याशिवाय सूचना नकोत. ट्विचवर यासाठी टॅग लावता येतात. प्रेक्षकांपैकी बहुतेकांना खोडी काढायची नसते. आपल्याला आवडलेला प्रसंग जवळ आला, की त्यांना राहवत नाही. ‘आता बघ काय होते ते’ एवढे वाक्यदेखील पुढच्या वळणाची चाहूल देऊन जाते, हे त्यांना आपुलकीने सांगावे लागते आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

त्यानंतर साधने वापरावीत. ट्विचवर संशयास्पद संदेश आपोआप अडवणारा ऑटोमॉड, रोखलेल्या शब्दांची यादी, संदेशांमध्ये ठरावीक अंतर ठेवायला लावणारा स्लो मोड आणि फक्त फॉलोअर्सना लिहू देणारा मोड उपलब्ध आहेत. यूट्यूब स्टुडिओमध्येही शब्द रोखता येतात. त्या शब्दांच्या कॉमेंट तपासणीसाठी बाजूला ठेवल्या जातात आणि लाइव्ह चॅटमध्ये तसे संदेश उमटतच नाहीत. मराठी चॅटमध्ये येथे एक विशेष अडचण येते. आपले प्रेक्षक देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिप्यांत लिहितात, रोमनमध्ये एकाच शब्दाची तीन-चार स्पेलिंग करतात, शिवाय पात्राच्या नावाला विभक्तीचे प्रत्यय जोडले, की यंत्राच्या दृष्टीने तो वेगळाच शब्द होतो. म्हणून यादीत नावाच्या मूळ रूपाबरोबर ‘ला’, ‘ने’, ‘चा’, ‘ची’ असे प्रत्यय लागलेली रूपेही दोन्ही लिप्यांत भरावी लागतात.

ही यादी करायची कोणी, हा खरा पेच आहे, कारण कोणते शब्द रोखायचे हे ठरवण्यासाठी गेम माहीत असावा लागतो, आणि यादी वाचली तर स्ट्रीम करणाऱ्यालाच स्पॉइलर मिळतो. गेम पूर्ण केलेला किमान एक विश्वासू मॉडरेटर (चॅटवर लक्ष ठेवणारा साहाय्यक) सोबत असावा आणि यादीचे काम त्याच्याकडे सोपवून ती स्वतः उघडून पाहू नये. स्ट्रीम करणाऱ्याने कथेच्या नाजूक टप्प्यावर चॅट सरळ झाकून खेळावे आणि प्रसंग संपल्यावर प्रेक्षकांशी बोलावे, हेही उत्तम. प्रेक्षक त्याने दुखावले जात नाहीत.

गेम कंपन्या स्ट्रीमिंगवर निर्बंध घालू शकतात का?

घालू शकतात, आणि घातलेही आहेत. सर्वांत गाजलेले उदाहरण ‘पर्सोना ५’चे आहे. हा गेम जपानमध्ये सप्टेंबर २०१६ मध्ये आला आणि इतरत्र ४ एप्रिल २०१७ रोजी. गेमचे कथानक शाळेच्या दिनदर्शिकेप्रमाणे दिवसागणिक पुढे सरकते. अ‍ॅटलस कंपनीच्या अमेरिकी शाखेने प्रदर्शनाच्याच दिवशी जाहीर केले, की गेममधील ७ जुलै या तारखेपुढचा भाग कोणीही स्ट्रीम करू नये किंवा व्हिडिओत दाखवू नये. तसे केल्यास व्हिडिओवर हक्क सांगितला जाईल किंवा चॅनेलवर कारवाईही होऊ शकेल. प्लेस्टेशन ४ चे शेअर बटणही त्या गेममध्ये बंद ठेवलेले होते. खेळाडूंमध्ये मोठी नाराजी पसरली. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने आपल्या धमकीवजा भाषेबद्दल दिलगिरी व्यक्त करून मर्यादा गेममधील १९ नोव्हेंबरपर्यंत वाढवली.

या प्रसंगातून माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते : कंपनीची चिंता रास्त होती, पण साधन चुकीचे होते. कथेचा शेवट जपला जावा असे खेळाडूंनाही वाटत होते. त्यांना खटकली ती धमकी. विनंतीच्या स्वरात मांडलेली आणि नेमकी कोणती दृश्ये टाळावीत हे सांगणारी सूचना स्ट्रीम करणारे सहसा पाळतात. कन्सोलवर काही दृश्यांपुरते रेकॉर्डिंग रोखण्याची सोय विकासकांना असते, आणि शेवटच्या प्रसंगांसाठी तिचा बेताने वापर करणे हा संपूर्ण बंदीपेक्षा बरा मार्ग आहे.

स्पॉइलर देणे कायद्याने गुन्हा आहे का?

गेमचे कथानक स्वतःच्या शब्दांत सांगणे हा सामान्यतः कायद्याचा विषय नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे, की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या रूपावर असतो. गेममधील दृश्ये, संगीत आणि संवाद मात्र असे मांडलेले रूप आहेत, आणि ते व्हिडिओत वापरले जातात तेव्हा कॉपीराइटचा प्रश्न उभा राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षा आणि परीक्षण यांसाठी रास्त वापराची मुभा आहे. भाष्याविना संपूर्ण गेम चढवणे त्यात बसेल असे गृहीत धरू नये. प्रत्यक्षात बहुतेक व्हिडिओ कंपन्यांच्या परवानगीवर किंवा त्यांनी केलेल्या काणाडोळ्यावर चालतात.

जपानमध्ये हा प्रश्न फौजदारी न्यायालयापर्यंत गेला. ‘स्टाइन्स गेट’ मालिकेतील एका गेमचा शेवटासह खेळ आणि काही अ‍ॅनिमेंची संक्षिप्त रूपे यूट्यूबवर चढवून जाहिरातींतून पैसे मिळवल्याबद्दल मे २०२३ मध्ये एका व्यक्तीला मियागी प्रांताच्या पोलिसांनी अटक केली. सप्टेंबर २०२३ मध्ये सेंदाई जिल्हा न्यायालयाने तिला दोन वर्षांची कैद सुनावली, ती पाच वर्षांसाठी स्थगित ठेवली, आणि दहा लाख येनांचा दंड केला. शिक्षा झाली ती परवानगीविना प्रसारणाची; परंतु वाचून अनुभवायच्या अशा गेममध्ये शेवट दाखवणे म्हणजे जवळजवळ संपूर्ण कृतीच फुकट वाटणे होय, ही हक्कधारकांची बाजू या खटल्याने ठळकपणे पुढे आली.

प्रदर्शनापूर्वीच गेम फुटला तर काय करावे?

‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’च्या बाबतीत एप्रिल २०२० च्या अखेरीस कथेतील कळीचे प्रसंग इंटरनेटवर फुटले. गेमची तारीख तोवर अनिश्चित काळासाठी पुढे गेलेली होती. फुटल्याची बातमी पसरत असतानाच १९ जून ही नवी तारीख जाहीर झाली. म्हणजे चाहत्यांना जवळपास आठ आठवडे स्पॉइलरपासून जपून राहावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’च्या डिस्क काही विक्रेत्यांनी आधीच विकल्या, आणि मे २०२३ मधील ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ हा झेल्डा मालिकेतील गेम प्रदर्शनाच्या सुमारे दीड आठवडा आधी बेकायदा प्रतींच्या रूपात फिरू लागला.

अशा वेळी सावधगिरीचे दिवस प्रदर्शनाच्या तारखेपासून मोजून चालत नाही; फुटल्याची बातमी कानी येताच वरील उपाय सुरू करावेत. व्हिडिओ करणाऱ्यांनी फुटलेला आशय दाखवू नये, त्यावर ‘बातमी’ म्हणूनही तपशीलवार बोलू नये. अनेक वर्षे शेकडो लोकांनी केलेल्या कामाचे ते चोरलेले तुकडे असतात.

लहान स्टुडिओंचे यात वेगळे नुकसान होते का?

होते, आणि ते अधिक गंभीर असते. जानेवारी २०१६ मध्ये आलेला ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा छोटा गेम एका दांपत्याने आपल्या आजारी मुलाच्या आठवणीतून घडवला. त्याचे संपूर्ण व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिले. तरीही विक्रीतून आपल्या हाती अद्याप एक डॉलरही आलेला नाही, असे निर्मात्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये लिहिले. बंदीची मागणी त्यांनी केली नाही. व्हिडिओ करणाऱ्यांनी थोडा भाग दाखवून उरलेल्यासाठी प्रेक्षकांना गेमकडे पाठवावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली प्रदर्शित केलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हाही काही तासांत पूर्ण होणारा, कथेवर आणि दृश्यांवर उभा असलेला गेम आहे. आपल्या मातीतले असे काम दुर्मीळ आहे. त्याचा व्हिडिओ मराठीत करावा, जरूर करावा. पहिले एक-दोन टप्पे दाखवावेत, त्यातील वास्तुकला आणि पुराणकथांविषयी बोलावे, आणि शेवट प्रेक्षकाला स्वतः खेळून पाहू द्यावा.

स्पॉइलरमुळे आनंद खरोखर कमी होतो का? संशोधन तर उलटे सांगते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना किंचित अधिक आवडल्या होत्या. नंतरच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष याच्या विरुद्ध आला. हे प्रयोग लघुकथा वाचणाऱ्यांवर केलेले होते. चाळीस तास स्वतः निर्णय घेत, हरत आणि पुन्हा उभे राहत केलेल्या प्रवासाला ते जसेच्या तसे लागू करणे मला योग्य वाटत नाही. शिवाय आपला आनंद कशात आहे, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो. ‘संशोधन सांगते’ म्हणून कोणी दुसऱ्याला शेवट सांगू लागला, तर तो त्या अधिकारावर पाय देतो.

मी गेम विकत घेऊ शकत नाही, केवळ व्हिडिओ पाहतो. मला स्पॉइलरची चिंता करण्याचा हक्क आहे का?

निश्चितच आहे. कन्सोल नसलेल्या असंख्य प्रेक्षकांसाठी आवडत्या निवेदकाच्या आवाजात भागाभागाने पाहिलेला गेम हाच त्यांचा मूळ अनुभव असतो. अशा प्रेक्षकांनी प्लेलिस्टची संपूर्ण यादी न उघडता चालू भागाच्या शेवटी येणाऱ्या दुव्यावरून पुढे जावे, आणि व्हिडिओच्या पट्टीवर बोट फिरवणे टाळावे, कारण तेथे पुढच्या प्रसंगांची छोटी चित्रे आणि सर्वाधिक वेळा पाहिलेल्या क्षणांचा आलेख दिसतो. लढतीच्या मध्यावर व्हिडिओचे किती मिनिट उरले आहेत हे पाहिले, तरी निकालाचा अंदाज येतो; पूर्ण पडद्यावर पाहिल्यास हे बरेचसे टळते.

स्पॉइलर कळलाच, तर आता गेम खेळावा का?

खेळावा. एखादे वाक्य वाचले म्हणजे तो प्रसंग कसा, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या हातून घडतो, हे कळलेले नसते. शिवाय खोडसाळ लोक खोटे स्पॉइलरही पसरवतात. खात्री करून घेण्यासाठी आणखी शोधाशोध करू नये. पुढचे नुकसान बहुधा त्यातूनच होते.

गेममध्ये अडकलो आहे आणि मदत हवी आहे. पुढचे न कळता ती कशी शोधावी?

आपण नेमके कोठे आहोत, ते स्थळाच्या किंवा कामगिरीच्या नावासह शोधावे. केवळ गेमचे नाव आणि ‘कसे जिंकावे’ असे लिहिले, तर शोधाच्या निकालांत शेवटच्या लढतीचे थंबनेल येण्याचा धोका असतो. व्हिडिओपेक्षा लेखी मार्गदर्शक अनेकदा सुरक्षित असतो, कारण हवा तेवढाच परिच्छेद वाचता येतो. व्हिडिओच हवा असेल, तर अनेक तासांच्या सलग वॉकथ्रूऐवजी एकाच कोड्यापुरता छोटा व्हिडिओ निवडावा, तो इन्कॉग्निटोमध्ये उघडावा, आणि उत्तर मिळताच बंद करावा, म्हणजे शेवटच्या काही सेकंदांत पडद्यावर येणारी पुढच्या भागांची चित्रे दिसत नाहीत. सर्वांत चांगली मदत मात्र तो गेम पूर्ण केलेल्या मित्राकडून मिळते : त्याला उत्तर न मागता ‘मी योग्य खोलीत आहे का’ किंवा ‘मला लागणारी वस्तू माझ्याकडे आहे का’ असा हो-नाहीचा प्रश्न विचारावा.